निकालाचा कागद कसा मांडायचा

"ताई, कोण जिंकलं ते सांगा, मथळा अडलाय." निकालाच्या रात्री आमच्या डेस्कवर हा प्रश्न ठरलेला. मी परदेशाचं पान बघते. दोनच पक्षांची लढत असली तर उत्तर एका शब्दात देता येतं. संसदेत आठ-दहा पक्ष पोचणार असले की 'पहिला कोण आला' आणि 'सरकार कोणाचं' हे दोन वेगळे प्रश्न होतात. वाचकाला हवं असतं दुसऱ्याचं उत्तर, आणि टीव्हीवर खाली पळणाऱ्या रंगीत पट्ट्या देतात पहिल्याचं. म्हणून निकाल पट्टीवर बघू नये, कागदावर मांडावा. एक कोरा कागद, एक पेन आणि एक पेन्सिल पुरते. देश कुठलाही असो, मांडणी तीच.

डोक्यावरचे आकडे

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एकूण जागा आणि बहुमताचा आकडा लिहा. भारताची लोकसभा ५४३, बहुमत २७२. जर्मनीची बुंडेस्टाग ६३०, बहुमत ३१६. स्पेन ३५० आणि १७६, नेदरलँड्स १५० आणि ७६, इस्रायल १२० आणि ६१. इथपर्यंत सगळेच येतात.

त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा लिहा: निवडून आलेल्यांपैकी सभागृहात मत देणारे किती? ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात ६५० जागा, म्हणजे बहुमत ३२६. पण उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे खासदार निवडून येतात आणि वेस्टमिन्स्टरमध्ये बसतच नाहीत. राजनिष्ठेची शपथ त्यांना मान्य नाही. शिवाय सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत. २०१७ साली शिन फेनचे सात जण होते. सात आणि चार वजा केले की उरतात ६३९, आणि त्यांत ३२० पुरतात. त्या वर्षी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षाकडे सभापती सोडून ३१७ जागा होत्या, त्यामुळे ३२६ आणि ३२० मधला हा फरक त्यांना पुढची दोन वर्षं पावलोपावली मोजावा लागला. त्यांना पाठिंबा देणाऱ्या डीयूपी या उत्तर आयर्लंडच्या दुसऱ्या पक्षाच्या दहा खासदारांची किंमत एवढी का वाढली, तेही या बारीक अक्षरातल्या आकड्यावरूनच कळतं.

तिसरी नोंद नियमाची. पंतप्रधान व्हायला काय लागतं? जर्मनीत चान्सलरला पहिल्या फेरीत एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, तीही गुप्त मतदानानं. भारतात विश्वासदर्शक ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत चालतं, त्यामुळे एखादा पक्ष सभात्याग करूनही सरकार वाचवू शकतो. स्वीडनमध्ये तर उलटा कारभार आहे. तिथं बाजूनं बहुमत लागत नाही, फक्त ३४९ पैकी १७५ जण विरोधात जायला नकोत. हा नियम माहीत नसला तर २०२२ चा स्वीडिश निकाल कळतच नाही. सोशल डेमोक्रॅट १०७ जागांसह पहिले, स्वीडन डेमोक्रॅट ७३ सह दुसरे, आणि पंतप्रधान झाले ६८ जागांच्या मॉडरेट पक्षाचे उल्फ क्रिस्टरसन. उजव्या बाजूच्या चार पक्षांची बेरीज १७६ होती आणि दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष मंत्रिपदाविना, करार करून बाहेरून पाठिंब्याला उभा राहिला.

पाच रकाने

पक्ष, मतांची टक्केवारी, जागा, मागच्या जागा. हे चार कोणीही आखतो. पाचवा रकाना रुंद ठेवा. त्याचं नाव: 'कोणाबरोबर बसणार नाही'.

हा रकाना मतमोजणी सुरू व्हायच्या आधी भरायचा असतो. प्रचारात कोणी कोणाला दार बंद केलं, कोणत्या पक्षाच्या अधिवेशनात तसा ठराव झाला, कोणाचं मागच्या सरकारात बिनसलं, हे सगळं त्यात येतं. नुसती टीका लिहू नका, टीका सगळेच सगळ्यांवर करतात. 'यांच्या पाठिंब्यावर सरकार करणार नाही' असं स्पष्ट म्हटलं असेल तरच नोंद करा. आणि नोंदीपुढे कंसात एक प्रश्नचिन्ह ठेवायला हरकत नाही. खुर्ची दिसली की काही जणांची स्मरणशक्ती कमी होते.

हा रकाना काय काम करतो ते जर्मनीच्या फेब्रुवारी २०२५ च्या निकालावर बघा. सीडीयू-सीएसयू २०८, एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन ८५, डी लिंके ६४, आणि डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाचा एक. बहुमत ३१६. कडवा उजवा एएफडी दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष, पण त्याच्याबरोबर सरकार करणार नाही असं बाकी सर्वांनी आधीच सांगितलेलं. त्याच्या ओळीवर आडवी रेघ मारून तो खोडा. २०८ ला आणखी १०८ हवेत. ग्रीन घेतले तर २९३, पुरत नाहीत. डाव्या डी लिंकेला सीडीयूचा नकार, तोही खोडा. एसपीडी घेतली तर ३२८. म्हणजे दोन पक्षांचं एकच सरकार शक्य होतं. पाचवा रकाना भरलेला असता तर हे त्या रात्रीच लिहिता आलं असतं, चर्चा आठवडेच्या आठवडे चालल्या तरी.

आता त्याच कागदाच्या तळाशी बघा. बीएसडब्ल्यू नावाच्या नव्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली. संसदेत यायला साधारणपणे पाच टक्के लागतात. दहा हजारांहूनही कमी मतांनी तो पक्ष बाहेर राहिला. आत आला असता तर त्याच ६३० जागा आणखी एका पक्षात वाटल्या गेल्या असत्या आणि ३२८ ची ती बेरीज ३१६ च्या खाली गेली असती. मग तिसरा भागीदार शोधा, त्याच्या अटी ऐका. म्हणून जिथं मतांचा उंबरठा असतो तिथं नजर पहिल्या क्रमांकावर कमी आणि उंबरठ्यावर ताटकळणाऱ्यांवर जास्त ठेवावी. इस्रायलमध्ये २०२२ साली नेतान्याहूंच्या विरोधातला मेरेट्झ पक्ष ३.२५ टक्क्यांच्या उंबरठ्याखाली थोडक्यात अडकला. दोन्ही बाजूंची मतं जवळजवळ सारखी असूनही नेतान्याहूंच्या बाजूला ६४ जागा गेल्या, त्यामागं हे एक मोठं कारण होतं.

पेन्सिल कुठं, पेन कुठं

कल पेन्सिलीनं लिहायचा, घोषित निकाल पेननं. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी फजिती टळते.

कल म्हणजे मोजून झालेल्या मतांपुरतं चित्र. ती मतं कुठली, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आधी शहरं मोजली का खेडी? टपाली मतं झाली का राहिली? परदेशातल्या नागरिकांची मतं कधी येणार? २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात मतदान यंत्रांतल्या मतांत एका मतानं मागे असलेला उमेदवार टपाली मतांच्या जोरावर ४८ मतांनी विजयी घोषित झाला. हे एका जागेपुरतं. पण उशिरा येणारी मतं देशाचं गणितही हलवतात.

न्यूझीलंड, २०१७. मतदानाच्या रात्री नॅशनल ५८, लेबर ४५, न्यूझीलंड फर्स्ट ९, ग्रीन ७, एसीटी १. एकूण १२०. लेबर, ग्रीन आणि न्यूझीलंड फर्स्ट मिळून ६१, म्हणजे काठावर. दोन आठवड्यांनी विशेष मतांची (परदेशातून किंवा मतदारसंघाबाहेरून दिलेल्या वगैरे) मोजणी संपली आणि नॅशनलच्या दोन जागा गेल्या, लेबर आणि ग्रीनला एकेक आली. ६१ चे झाले ६३. तीन पक्षांचं सरकार चालवायला ६१ आणि ६३ यांत जमीन-अस्मानाचा फरक. नॅशनल ५६ जागांसह पहिलाच राहिला, पंतप्रधान झाल्या ४६ जागांच्या लेबरच्या जॅसिंडा आर्डर्न.

त्याहून नाजूक प्रसंग स्पेनचा, जुलै २०२३. परदेशातली मतं पाच दिवसांनी मोजली गेली आणि माद्रिदमधली एक जागा समाजवादी पक्षाकडून पॉप्युलर पार्टीकडे सरकली. १२२ चे १२१ झाले, १३६ चे १३७. एकच जागा, पण बाजूवार बेरीज करून बघा. आधी समाजवादी पक्षाचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या बाजूला १७२ होते आणि विरोधात १७१, त्यामुळे कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यवादी युन्त्स पक्षानं नुसतं तटस्थ राहिलं तरी भागत होतं. आता बाजूला १७१, विरोधात १७२. युन्त्सच्या सात खासदारांना उठून 'हो' म्हणायला लावणं भाग पडलं. तटस्थ राहण्याची किंमत वेगळी आणि हो म्हणण्याची वेगळी. नोव्हेंबरात सांचेझ १७९ मतांनी निवडून आले तेव्हा त्यामागं कॅटलान नेत्यांना माफी देण्याच्या कायद्याचा करार होता. स्पेनचा निकाल मतदानाच्या रात्रीच पेननं लिहून मोकळे झालेल्यांना हा उलगडा पुढं होईना.

मतं आणि जागा शेजारीशेजारी

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात अंतर दिसलं की तिथं रेघ ओढा. हे अंतर निवडणूक पद्धतीमुळे पडतं, त्याला 'लाट' म्हणायची घाई करू नये.

ब्रिटनचे आकडे माझे लाडके आहेत. मजूर पक्षाला २०१७ मध्ये ४० टक्के मतं, जागा २६२, विरोधी बाकांवर. २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतं, जागा ४११, प्रचंड बहुमत. मतं कमी, जागा भरमसाट जास्त, कारण या वेळी समोरची मतं हुजूर आणि रिफॉर्म यूके यांच्यात फुटली. रिफॉर्मला १४.३ टक्के मतं आणि पाच जागा. लिबरल डेमोक्रॅटना १२.२ टक्के आणि ७२ जागा. एकाची मतं देशभर पसरलेली, दुसऱ्याची मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली.

आपल्याकडेही तेच. २०२४ च्या लोकसभेत बसपाला देशभरात २.०४ टक्के मतं, जागा शून्य. तेलुगू देसमला १.९८ टक्के, जागा १६, आणि केंद्रातलं सरकार त्यांच्या टेकूवर. भाजपची मतं एका टक्क्याहूनही कमी घसरली आणि जागा ३०३ वरून २४० वर आल्या. 'मतदारांनी नाकारलं' आणि 'मतदार ठाम राहिले' असे दोन्ही मथळे त्या दिवशी छापून आले. दोन्ही आपापल्या रकान्यापुरते खरे होते.

मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीतही हे अंतर पडतं, फक्त वेगळ्या वाटेनं. तुर्कस्तानात २००२ साली उंबरठा दहा टक्क्यांचा होता. दोनच पक्ष तो ओलांडू शकले. एर्दोआन यांच्या एकेपीला ३४.३ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या. संसदेबाहेर राहिलेल्या पक्षांची मतं सुमारे ४५ टक्के. म्हणजे जिंकलेल्यापेक्षा वाया गेलेली जास्त.

पद्धतीचा परिणाम निव्वळ स्वरूपात बघायचा असेल तर ग्रीस. मे २०२३ मध्ये न्यू डेमोक्रसीला ४०.८ टक्के मतं, ३०० पैकी १४६ जागा, बहुमत हुकलं. जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली, मतं ४०.६ टक्के, जागा १५८. मतं किंचित घटली आणि बहुमत मिळालं, कारण पहिल्या क्रमांकाला जादा जागा देणारा कायदा दुसऱ्या वेळी लागू झाला होता. हाच पक्ष, हेच मतदार, पाच आठवड्यांचं अंतर.

मागच्या वेळेशी तुलना

चौथा रकाना सर्वांत फसवा. पक्ष फुटलेले असतात, आघाड्या बदललेल्या असतात. महाराष्ट्रात २०१९ ला शिवसेनेच्या १८ जागा. २०२४ ला त्या नावाचे दोन पक्ष, ठाकरेंचे ९ आणि शिंदेंचे ७. अठराशी तुलना कोणाची करणार? अशा ठिकाणी रकाना रिकामा सोडावा. ओढूनताणून वाढ-घटीचा बाण काढू नये.

टक्केवारीची तुलना करण्याआधी पक्षानं किती जागा लढवल्या तेही बघा. काँग्रेसनं २०१९ मध्ये ४२१ जागा लढवल्या होत्या, २०२४ मध्ये ३२८. कमी ठिकाणी उभं राहूनही त्यांची देशभरातली मतं १९.५ वरून २१.२ टक्क्यांवर गेली, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ या आकड्यात दिसते त्याहून मोठी आहे.

आता बेरजा

जागा पेननं लिहून झाल्या, पाचवा रकाना समोर आहे. सर्वांत मोठ्या पक्षापासून सुरुवात करा आणि बहुमत गाठणारी प्रत्येक जोडी, मग प्रत्येक तिकडी लिहा. खोडलेल्या जोड्यांवर काट मारा. मग एक काम करा जे बहुतेक जण विसरतात: सर्वांत मोठ्या पक्षाला बाजूला ठेवून बेरीज करा. त्याच्याशिवाय बहुमत होत असेल तर तो 'जिंकला' हा शब्द कागदावर लिहू नका.

भारतात १९९६ ला भाजप १६१ जागांसह पहिला, काँग्रेस १४० सह दुसरी. वाजपेयींचं सरकार १३ दिवस टिकलं आणि नंतर पंतप्रधान झाले ४६ जागांच्या जनता दलाचे देवेगौडा, काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर. नेपाळात २०२२ ला काँग्रेस ८९, एमाले ७८, माओवादी केंद्र ३२, सभागृहाच्या एकूण जागा २७५. पंतप्रधान झाले ३२ जागांच्या माओवाद्यांचे नेते पुष्पकमल दहाल 'प्रचंड'. कारण सोपं आहे: ८९ आणि ७८ एकत्र येत नाहीत तोवर मधल्या ३२ ला दोन्हीकडून बोली लागते.

बहुमत जमलं तरी किती माया आहे, म्हणजे बहुमतापेक्षा किती जागा जास्त आहेत, ते लिहा. जर्मनीत ३१६ ला ३२८ म्हणजे बाराची माया. एवढी पुरेल असं वाटतं. ६ मे २०२५ ला बुंडेस्टागमध्ये सीडीयूचे नेते फ्रीडरिश मेर्त्स यांच्यासाठी गुप्त मतदान झालं आणि पहिल्या फेरीत त्यांना ३१० मतं पडली. स्वतःच्याच आघाडीतल्या किमान अठरा जणांनी साथ दिली नाही. चान्सलरपदाचा उमेदवार पहिल्याच फेरीत पडण्याची युद्धोत्तर जर्मनीतली ही पहिली वेळ. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली आणि ते चान्सलर झाले. उघड मतदान असतं तर पहिल्या फेरीत काय झालं असतं, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. माझ्या मते गुप्त मतदान असलेल्या देशात पाच टक्के गळती धरूनच चालावं. आपल्याकडे उघड मतदान आणि पक्षांतरबंदी कायदा असूनही एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं.

बेरजांखाली एक ओळ वेळेसाठी सोडा. बेल्जियमला २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनवायला ५४१ दिवस लागले, डचांना २०२१ नंतर २९९. तेवढे दिवस जुनं सरकार काळजीवाहू म्हणून चालतं, कर गोळा होतात, रेल्वे धावते. 'देशात अराजक' असं लिहून येणाऱ्या बातम्या मी तरी पानावर घेत नाही.

कागद किती दिवस ठेवायचा

पुढच्या निवडणुकीपर्यंत. पाचवा रकाना मधल्या काळात बदलत राहतो आणि प्रत्येक बदल तारीख घालून लिहायचा असतो. नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर २०२३ ला कडव्या उजव्या गेर्ट विल्डर्स यांचा पक्ष पीव्हीव्ही १५० पैकी ३७ जागांसह पहिला आला. इतर पक्ष विल्डर्स यांना पंतप्रधान करायला तयार नव्हते, म्हणून सात महिन्यांनी कुठल्याच पक्षात नसलेले, प्रशासनात आयुष्य काढलेले डिक स्खोफ पंतप्रधान झाले. जून २०२५ मध्ये विल्डर्स यांनी पाठिंबा काढला, सरकार पडलं. त्यानंतर माझ्या कागदावर पीव्हीव्हीच्या ओळीत एकामागून एक नकार चढले, कारण मोठ्या पक्षांनी आता यांच्याबरोबर पुन्हा नाही असं सांगून टाकलं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पीव्हीव्ही २६ आणि मध्यममार्गी डी६६ पक्ष सुद्धा २६, अगदी बरोबरी. जागांच्या रकान्यात दोघांत काडीचा फरक नव्हता. सरकार बनवण्याचा पहिला प्रयत्न डी६६ च्या रॉब येटन यांच्याकडे गेला, आणि ते जूनमध्ये भरलेल्या पाचव्या रकान्यातच दिसत होतं.